दहावीच्या वयात घरी शिकताना: खानदेशातल्या कॅथोलिक पालकांसाठी

मूल चौदा-पंधराचं झालं की आपल्या घरांत दोन काळज्या सोबतच येतात. एक दहावीची, आणि दुसरी रविवारी मिस्साला निघताना त्याचा पाय का रेंगाळतो याची. शाळा, क्लास, गृहपाठ, पुन्हा क्लास यांत दिवस सरतो. श्रद्धेच्या वाट्याला रविवारचा तास उरतो आणि सराव परीक्षा लागली की तोही जातो. आवडीनिवडींना तर जागाच राहत नाही. ज्या पोरीचा हात हार्मोनियमवर छान बसलेला असतो, तिची पेटी नववीत कपाटावर चढते ती उतरतच नाही.

घरी शिकवायचा विचार करणाऱ्या पालकांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. गृहशिक्षणाने तुम्हाला दिवस परत मिळतो. बाकी काहीही आपोआप मिळत नाही. शाळा सुटली म्हणून श्रद्धा वाढत नाही आणि पुस्तकं घरात आली म्हणून अभ्यास होत नाही. प्रार्थना, अभ्यास आणि हाताचं काम एकाच दिवसात एकमेकांना लागून आलं, तर मात्र या वयाची मुलं श्रद्धेकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात. खाली जे लिहिलं आहे ते इकडचं ऊन, इकडची शेती, आपल्या बोली आणि विरळ विखुरलेली कॅथोलिक घरं डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे.

आधी कारण तपासा

चर्चची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात सांगितलं. १९८३ च्या धर्मसंहितेतलं ७९३ वं कलम पालकांच्या या कर्तव्याला आणि हक्काला शब्द देतं. ७९८ वं कलम आपल्याला अधिक जवळचं आहे: मुलांना कॅथोलिक शिक्षण देणाऱ्या शाळेत घाला, आणि ते शक्य नसेल तर शाळेबाहेर त्यांना योग्य कॅथोलिक शिक्षण मिळेल याची काळजी घ्या. रावेर किंवा शिरपूर तालुक्यातल्या आडगावी राहणाऱ्या घराला या वाक्याचा दुसरा भागच लागू पडतो. मूल जिल्हा परिषदेच्या किंवा आश्रमशाळेच्या वर्गात बसत असलं तरी ती जबाबदारी आपलीच राहते. म्हणून शाळा न सोडणाऱ्यांनाही या लेखातलं निम्मं तरी वापरता येईल.

मग शाळा सोडावी का? आधी मुलालाच विचारा. दहा वर्षांच्या मुलाचा निर्णय पालक घेऊ शकतात, पंधरा वर्षांच्या मुलाचा त्याला बाजूला ठेवून घेऊ नये. त्याची इच्छा नसेल तर थांबा. वर्गात कुणी छळतंय म्हणून मूल घरी राहू म्हणत असेल, तर आधी त्या छळाचा बंदोबस्त करा. घरात दिवसभर एकही मोठं माणूस नसेल तर हा मार्ग धरू नका.

मुलींबद्दल मला कठोरपणे बोलायचं आहे. आपल्याकडे मुलगी घरी राहिली की पाणी, स्वयंपाक आणि धाकटी भावंडं आपोआप तिच्या अंगावर येतात. कापूस वेचणीच्या दिवसांत तर वही उघडायलाही उसंत मिळत नाही. तुमच्या घरात असं होण्याची शक्यता असेल तर तिला शाळेतच राहू द्या. घरकाम मुलगा-मुलगी दोघांना सारखं वाटून दिलेलं असेल आणि तिच्या अभ्यासाच्या तासाला सासरमाहेरचा कुणीही पाहुणा हात लावणार नसेल, तेव्हाच हे पाऊल उचला.

दाखला हातात घेण्याआधी

शिक्षण हक्क कायदा (२००९) ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. म्हणून आठवी शाळेतून पूर्ण करून, चौदा वर्षं भरल्यावर घरी शिकायला सुरुवात करणं सर्वांत सरळ.

शाळा सोडल्याचा दाखला घेण्याआधी शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद स्वतः डोळ्यांनी वाचा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म, जात. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव आणि शाळेत दुसरं, हा प्रकार आपल्या घरांत फार आढळतो. चूक असेल तर मूल शाळेत असतानाच दुरुस्तीचा अर्ज द्या; एकदा शाळा सुटली की ती दुरुस्ती लांबते. नंदुरबार आणि धुळ्याकडच्या भिल्ल, पावरा, मावची घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही, त्यामुळे ख्रिस्ती झाल्याने तो जात नाही. पण जात पडताळणीच्या वेळी शाळेच्या जुन्या नोंदीच पुरावा म्हणून मागितल्या जातात. अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश मात्र धर्माशी बांधलेला आहे, तिथले नियम वेगळे आहेत. शिष्यवृत्ती किंवा वसतिगृहाचा लाभ चालू असेल तर शाळा सोडल्यावर तो बंद होतो, हेही हिशेबात धरा.

दहावीसाठी दोन वाटा आहेत. पहिली आपल्याला ठाऊक असलेली, १७ नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाची परीक्षा खाजगीरीत्या द्यायची. धुळे, जळगाव, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळाकडे येतात. दाखल्याची मूळ प्रत लागते, मंडळ एक शाळा संपर्क केंद्र म्हणून देतं आणि तोंडी, प्रात्यक्षिक, अंतर्गत गुण त्या शाळेतूनच होतात. म्हणून त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना वर्षाच्या सुरुवातीलाच जाऊन भेटा. प्रश्नपत्रिका नेहमीच्या विद्यार्थ्यांचीच, पुस्तकं बालभारतीची, आणि ती पीडीएफ स्वरूपात फुकट उतरवून घेता येतात.

दुसरी वाट म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, एनआयओएस. वय किमान १४, विषय किमान पाच, मराठी माध्यम उपलब्ध. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. विषय एकेक, दोन-दोन करून देता येतात. आवडीचं काम मोठं असलेल्या मुलाला हे फार सोयीचं पडतं. शिक्षकांनी तपासायच्या स्वाध्यायांना वीस टक्के गुण असतात. ते शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

एनआयओएसच्या परीक्षा एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. माझा सल्ला ऑक्टोबरचा आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळिशीपर्यंत चढतो, आणि त्या उन्हात एसटीने परीक्षा केंद्र गाठणं म्हणजे पोराची परीक्षेआधीच परीक्षा. शिवाय पवित्र सप्ताह मार्च-एप्रिलमध्ये येतो. राज्य मंडळाची दहावी फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि पुनरुत्थानाचा रविवार २८ मार्चला आहे, म्हणजे सबंध उपवासकाळ परीक्षेखाली जाणार. ऑक्टोबरची परीक्षा देणाऱ्या मुलाला तो उपवासकाळ मोकळेपणी जगता येतो. नोंदणीच्या तारखा मात्र दरवर्षी संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा, मध्यस्थाच्या भरवशावर राहू नका.

दिवसाची घडी

शाळेचं वेळापत्रक घरात आणू नका. अकरा ते पाच हा खानदेशात उन्हाळ्यातल्या अभ्यासाचा वेळच नाही.

सकाळी साडेपाच ते साडेनऊ हे सोन्यासारखे तास. सहाला आंजेलस, म्हणजे देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाची प्रार्थना, म्हणायचं आणि सगळ्यांत जड विषय उघडायचा, बहुतेकांच्या बाबतीत गणित. नाश्त्यानंतर विज्ञान किंवा भाषा. दुपारी बाराला पुन्हा आंजेलस, जेवण, आणि उन्हाच्या तासांत पडल्या पडल्या वाचन. चारनंतर हातांचं काम: शेत, कार्यशाळा, पेटी, शिवणयंत्र, जे काही असेल ते. संध्याकाळी सहाला तिसरं आंजेलस, मग जपमाळ, मग जेवण. दिवसाला तीन ठिकाणी प्रार्थनेची गाठ बसली की वेगळा धर्माचा तास लावावा लागत नाही.

जपमाळेचं पुढारपण मुलाकडे द्या. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्ये, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची, हे त्याला सांगावं लागत नाही, त्याने आपल्याला सांगायला हवं. प्रत्येक दशक, म्हणजे दहा मण्यांचा भाग, कुणासाठी म्हणायचं हे त्यानेच ठरवू द्या. वादळात ज्यांची केळी आडवी झाली ते शेतकरी, रात्रपाळीला गेलेला रेल्वेतला काका, परीक्षेत नापास झालेली मैत्रीण. नावं घेऊन प्रार्थना करायला लागलेलं मूल गावाकडे लक्ष देऊ लागतं.

बुधवारपासून येत्या रविवारचं शुभवर्तमान घरात वाचायला घ्या. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात: अ वर्षी मत्तय, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक. बुधवारी मोठ्याने वाचायचं, शुक्रवारी मुलाने त्यातला न कळलेला एक मुद्दा मांडायचा, आणि रविवारी फादरांच्या प्रवचनात त्याचं उत्तर आलं का ते पाहायचं. आलं नसेल तर मिस्सा संपल्यावर फादरांना थांबवून विचारायचं. आपल्याकडचे धर्मगुरू कित्येक वाड्यांना पुरे पडतात, घाईत असतात, पण पंधरा वर्षांच्या मुलाने मनापासून विचारलेल्या प्रश्नासाठी ते थांबतात.

ज्या पाड्यावर दर रविवारी मिस्सा होत नाही, त्यांच्यासाठी धर्मसंहितेतलं १२४८ वं कलम वाट दाखवतं. धर्मगुरू नसतील तिथे शब्दविधीत, म्हणजे बायबलवाचनाच्या उपासनेत, भाग घ्यावा किंवा कुटुंबाने, अनेक कुटुंबांनी मिळून प्रार्थनेत वेळ द्यावा, असं ते सुचवतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात अशा प्रार्थनेचं वाचन, गाणं आणि मांडणी मुलांकडे द्या. पावरी किंवा भिली बोलीत एक तरी गाणं असू द्या.

प्रश्नांची वही

या वयाच्या श्रद्धेचं खरं काम इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका.

मूल विचारतं: देव चांगला आहे तर मामाच्या पोराला कॅन्सर का झाला? उत्क्रांती खरी की उत्पत्तीचं पुस्तक? पापनिवेदन फादरांकडेच का करायचं? आपण आधी कोण होतो, आजोबांनी धर्म का बदलला? शेजारच्या पोराने ‘बाटगे’ म्हटलं तर काय बोलायचं? खानदेशात आणखी एक प्रश्न हमखास येतो, कारण नवापूरपासून भुसावळपर्यंत आपल्या नात्यागोत्यात प्रॉटेस्टंट घरं पुष्कळ आहेत: मावशीच्या चर्चमध्ये मरियेची प्रार्थना करत नाहीत, मग आपण का करतो?

एक साधी वही करा. प्रश्न मुलाने लिहायचा, तारखेसह. त्याच दिवशी उत्तर द्यायचं नाही. आठवड्यातून एकदा, शक्यतो शनिवारी रात्री, एकच प्रश्न घ्यायचा आणि संत थॉमस अक्विनासची पद्धत वापरायची. ते आपलं उत्तर देण्याआधी विरुद्ध बाजूचे आक्षेप जितके बळकट मांडता येतील तितके मांडत. तुमच्या मुलालाही तसं करू द्या. मरियेच्या प्रश्नावर आधी मावशीची बाजू त्याने प्रामाणिकपणे मांडावी, जमलं तर मावशीशीच बोलून. मग धर्मशिक्षणाचा ग्रंथ आणि बायबल उघडावं. मावशीचा मान राखून आपली बाजू सांगता येणं हे शिक्षण कुठल्याच क्लासात मिळत नाही.

उत्क्रांतीवर घाबरून गप्प बसू नका. उत्क्रांतीचा अभ्यास करायला श्रद्धेची आडकाठी नाही, हे पोप पायस बारावे यांनी १९५० मध्ये काही मर्यादा घालून मान्य केलं होतं, आणि १९९६ मध्ये योहान पौल दुसरे यांनी उत्क्रांती केवळ गृहीतक राहिलेली नाही असं म्हटलं. विश्वाच्या प्रसरणाचा आणि आदिम अणूचा सिद्धांत मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथोलिक धर्मगुरू होते. मुलाला हे माहीत असलं की विज्ञानाच्या पुस्तकासमोर त्याला श्रद्धा लपवावी लागत नाही.

दुःखाच्या प्रश्नाला मात्र वहीत उत्तर मावत नाही. तिथे मुलाला घेऊन त्या आजारी माणसाच्या घरी जा. डबा न्या, बसा, परत या. नंतर क्रुसाच्या वाटेची प्रार्थना करताना बोलणं आपोआप होतं.

पापनिवेदनाबद्दल एक मर्यादा पाळा. मुलाला नियमित घेऊन जा, पण आत काय बोलला ते कधीही विचारू नका, आणि कुणाकडे जायचं हेही त्यालाच ठरवू द्या. धर्मसंहिता त्याला तो हक्क देते. धर्मग्रामात एकच फादर असतील आणि मुलाला त्यांच्यापुढे संकोच वाटत असेल, तर नाशिकला किंवा शेजारच्या धर्मग्रामात जाताना मुद्दाम वेळ काढा. रात्री झोपण्याआधी संत इग्नेशियसची पाच मिनिटांची तपासणी शिकवा: आज देवाचे आभार कशाबद्दल, आज कुठे चुकलो, उद्यासाठी काय मागायचं. ही गोष्ट त्याची एकट्याची.

दृढीकरण संस्कार याच वयात होतो. खानदेश नाशिक धर्मप्रांतात येतो, जो १९८७ मध्ये स्थापन झाला, आणि बिशप सगळीकडे वरचेवर येऊ शकत नाहीत. तारीख आधी कळवून घ्या. तयारीच्या वर्षात मुलाने स्वतःच्या दृढीकरणाचा संत स्वतः निवडावा आणि त्याच्यावर दहा पानं लिहावीत. कॉम्प्युटरवेड्या पोरांना कार्लो अक्यूटिस जवळचा वाटतो. १९९१ चा जन्म, पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू, ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची माहिती वेबसाइटवर जमवणारा, आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदी घोषित झालेला. आपल्या महाराष्ट्रातला कुणी हवा असेल तर वसईचे संत गोन्सालो गार्सिया आहेत, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेलेले.

आवडीतून अभ्यास

आवड म्हणजे मोबाइलवर पाहिलेली गोष्ट नव्हे. तीन महिने मूल ज्याच्यामागे न सांगता लागतं ती आवड. ती सापडली की पाठ्यपुस्तक तिच्याभोवती गुंफा.

शेतीची ओढ असलेल्या मुलाला मेंडेलपासून सुरू करू द्या. ग्रेगर मेंडेल हे ब्रनोच्या मठातले ऑगस्टिनियन संन्यासी. मठाच्या बागेत वाटाण्यावर प्रयोग करून त्यांनी १८६६ मध्ये आनुवंशिकतेचे नियम छापले. मग त्याला बांधावर प्रश्न द्या: कपाशीचं संकरित बियाणं दरवर्षी नवं का विकत घ्यावं लागतं? घरचं सरकीचं बी पेरलं तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात, आणि हे विखुरणं मेंडेलच्या गुणोत्तरातच मांडता येतं. दुसरा प्रश्न केळीचा. केळीवर मेंडेलचा प्रयोग का करता येत नाही? कारण रावेर-यावलमधली ग्रँड नैन त्रिगुणित आहे, म्हणजे तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात, तिला बी धरत नाही; कंद किंवा ऊतिसंवर्धित रोप हेच तिचं बियाणं. सगळी झाडं एकसारखी असल्याने हरण्या रोग आला की बागच्या बाग का बसते, हे त्याला तिथेच उमगतं. जीवशास्त्राचा एक सबंध धडा, पिकाचं अर्थशास्त्र आणि एका संन्याशाचं आयुष्य, सगळं एकाच बांधावर.

गणिताची आवड असेल तर चाळीसगावजवळचं पाटणादेवी गाठा. तिथल्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. आजोबांचं गणित शिकवायला नातवाने मठ काढला, ही गोष्ट सांगून मग वर्गसमीकरणं सोडवायला घ्या.

भाषेची ओढ असलेल्या मुलीसाठी माझ्या मते इकडे सर्वांत समृद्ध खाण आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, ओवीत. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनाही ओवीच सुचली, जात्यावर आणि शेतात; त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून ती इतरांनी टिपून ठेवली. दोन्ही ओव्या शेजारी ठेवून छंद मोजायचा, शब्द पाहायचे, आणि मग आजीच्या तोंडची अहिराणी किंवा लेवा गणबोलीतली गाणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून लिहून काढायची. अकरावीत मराठी वाङ्मय घेणाऱ्या मुलीला ही तयारी आयुष्यभर पुरते. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात एक दिवस घालवला तर जुन्या कागदांना हात कसा लावतात तेही कळतं.

जळगावहून अजिंठा तास-दीड तासावर आहे. कॅथोलिक मुलाने तिथे जावं, आणि बौद्ध भिक्खूंच्या विहारात आदराने उभं राहावं. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं १९६५ चं वचन घोकून घेण्यापेक्षा तिथे उभं राहून वाचलेलं बरं.

गावात शिकणं

आठवड्यातून दोन दुपारी मुलाने घराबाहेर, दुसऱ्या मोठ्या माणसाच्या हाताखाली शिकावं. सुतार, मोटार रिवायंडिंगवाला, नर्स, दालमिलचा हिशेबनीस, ठिबकची जोडणी करणारा. माणूस ओळखीचा असावा, जागा उघडी असावी, आणि पालकाने न सांगता मधूनच चक्कर टाकावी.

कायद्याची मर्यादा माहीत असू द्या. १४ वर्षांखालील मुलाला कामाला ठेवता येत नाही, फक्त घरच्या उद्योगात अभ्यास सांभाळून मदत चालते. १४ ते १८ मध्ये धोकादायक कामांना बंदी आहे. औषध फवारणी आणि विजेच्या मोटारीची चालू लाईन यांच्याजवळ मूल जाताच कामा नये, मग शेत घरचंच का असेना.

मला सर्वांत फळ देणारा प्रकल्प विचाराल तर मजुरीचा. ऑक्टोबरपासून कापूस वेचणी सुरू होते आणि मजुरी किलोवर ठरते. मुलीने चार आठवडे चार वेचणाऱ्या बायांचे किलो, दर आणि तास लिहून काढायचे, त्यांच्या परवानगीने. तासाला किती पडले, किमान वेतनाच्या तुलनेत किती, प्रवास आणि मूल सांभाळणं धरलं तर किती, हे सगळं आलेखात मांडायचं. मग मत्तयचा विसावा अध्याय वाचायचा: द्राक्षमळ्याचा धनी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी मजूर आणतो आणि सगळ्यांना सारखाच दीनार देतो. त्यानंतर पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या परिपत्रकात न्याय्य वेतनाबद्दल काय म्हटलं ते. शेवटी एक पान: आमच्या शेतात दर काय असावा आणि का. वडिलांनी ते पान वाचून उत्तर द्यायचं, लेखी. सांख्यिकी, अर्थशास्त्र, मराठी लेखन आणि चर्चची सामाजिक शिकवण यांचे चार वेगळे तास लावले असते तरी इतकं पोचलं नसतं.

सेवेचं काम महिन्यातून एकदा तरी नेमून घ्या आणि ते तेच ठेवा. दर वेळी नवं काम धरलं की माणसं जोडली जात नाहीत. फ्रेडरिक ओझानाम वीस वर्षांचे विद्यार्थी असताना, १८३३ मध्ये, मित्रांसोबत पॅरिसच्या गरिबांच्या घरी जाऊ लागले आणि त्यातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्था उभी राहिली. आपल्या धर्मग्रामात ती असेल तर मुलाला तिच्यासोबत पाठवा. नसेल तर एकट्या राहणाऱ्या एका म्हातारीचं रेशन आणि औषधं हीच सेवा.

सोबती

घरी शिकणाऱ्या मुलाला एकटेपणा येतो, आणि आपल्याकडे कॅथोलिक घरं विरळ असल्याने जास्तच. गावातल्या कबड्डीच्या संघात, ग्रंथालयात, गणेशोत्सवातल्या वक्तृत्व स्पर्धेत त्याला जाऊ द्या. हिंदू, मुस्लिम, बौद्ध मित्र त्याच्या आयुष्यात हवेतच. सोबत आपल्या श्रद्धेची चार पोरं हवीत. त्यासाठी भुसावळ, जळगाव, धुळ्याच्या दोन-तीन घरांनी महिन्यातून एक शनिवार ठरवावा: सकाळी एक विषय, दुपारी खेळ, रात्री जपमाळ. डिसेंबरात तो शनिवार शेतात धरा. भरताची वांगी निघालेली असतात, कळण्याची भाकरी होते, आणि नाताळची गाणी शेकोटीपाशीच बसवून होतात. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूची यात्रा, सप्टेंबरात हरेगावची मतमाउली. या दोन यात्रांत मुलांना हजारो लोकांत मराठीतून प्रार्थना करताना आपण एकटे नाही हे दिसतं.

नोंदी आणि अकरावी

एक फाईल ठेवा: प्रकल्प, फोटो, वाचलेल्या पुस्तकांची यादी, ज्यांच्याकडे शिकला त्यांची सहीची चिठ्ठी, धर्मग्रामाचं दृढीकरणाचं प्रमाणपत्र. दर तीन महिन्यांनी मुलाने स्वतःच्या कामाबद्दल दोन पानं लिहावीत आणि पालकांनी त्यावर एक पान. गाडी कुठे अडली ते इथे दिसतं. दोन तिमाही सलग गणित मागे पडलं तर शिकवणी लावा, त्यात कमीपणा नाही. आणि मूल शाळेत परत जाऊ म्हणालं तर वाद घालू नका, त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटा.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात. एनआयओएसचा विद्यार्थी असेल तर गुणपत्रिकेसोबत मिळणारं स्थलांतर प्रमाणपत्र जपून ठेवा, आणि पुढे ज्या प्रवेश परीक्षेला बसायचं आहे तिचे विषयांचे निकष दहावीचे विषय निवडतानाच वाचा. विज्ञान शाखा घ्यायची तर गणित आणि विज्ञान सोडून चालत नाही. जातीचा दाखला, अधिवास, उत्पन्नाचा दाखला हे निकालाआधी दोन महिने सेतू केंद्रात टाकून ठेवा. जूनमध्ये तिथे रांगा लागतात. अर्ज मुलाने स्वतः भरायचा, कॉलेजांचा पसंतीक्रम त्याने ठरवायचा, आणि कागदपत्रं तपासायच्या दिवशी खिडकीपाशी त्यानेच उभं राहायचं. तुम्ही सोबत जा, मूळ प्रतींची पिशवी त्याच्या खांद्यावर असू द्या.